उपदेश न करणारा श्रोता
अंबाजोगाईजवळच्या लोखंडी सावरगावात वृद्धत्व व मानसिक आजार केंद्र आहे. बीड जिल्ह्यातल्या बहुतेकांना ते कोरोनातलं कोविड रुग्णालय म्हणूनच आठवतं. केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्याची फोनसेवा सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांसाठी महाराष्ट्रात पुणे आणि ठाण्याच्या जोडीला या आडवळणाच्या ठिकाणाचीही निवड झाली. 14416 फिरवायचा, मराठी निवडायची आणि बोलायला लागायचं. पैसे नाहीत, वेळेचं बंधन नाही. झोप लागत नाही, धास्ती वाटते, मन कशातच रमत नाही. फोनवर येतात त्या बहुतेक अशाच रोजच्या तक्रारी. गरज दिसली तर समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो.

सोय चांगलीच आहे. पण ज्याला आपलं कूळ ठाऊक नाही, जो उद्या ओळखही देणार नाही, त्याच्यापाशी मन मोकळं करावं का?

परंपरा इथे कपाळाला आठ्या घालते. गुरूने शिष्य पारखून घ्यावा, त्याचा अधिकार पाहून बोलावं, हा तिचा शिरस्ता. मराठीतला आद्य ग्रंथ मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ शके 1110 चा, आणि तो लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईतच दाखवतात. त्या ग्रंथातही गुरू आणि शिष्य समोरासमोर आहेत. त्या मातीत बसून हेडफोन लावलेला समुपदेशक नेमका उलटा वागतो. तो पारख करत नाही आणि उपदेश तर त्याने टाळायचाच असतो.

मात्र त्याच परंपरेतली गीता नीट उघडली, तर गंमत दिसते. पहिल्या अध्यायात अर्जुन हातपाय गाळून बोलतच राहतो. श्रीकृष्णाच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य, तेही विषाद सुरू होण्याआधीचं. दुसऱ्या अध्यायाच्या तोंडाशी तो अर्जुनाला खडसावतो, पण त्याने काही होत नाही. अर्जुन आपलं म्हणणं पुढे चालूच ठेवतो. मी तुझा शिष्य आहे, सांग, असं तो स्वतः म्हणतो, गप्प होतो, त्यानंतर कुठे उपदेशाला सुरुवात होते. प्रवचनांत आपण हा पहिला अध्याय घाईने उरकतो, हे काही बरं नाही.

कारण गावात घडतं ते दुसऱ्या अध्यायापासून. कुणी म्हणालं, मन लागत नाही, की पारावरचा प्रत्येक जण श्रीकृष्ण होतो. नामस्मरण कर. वारीला जाऊन ये. दुसऱ्यांचे हाल बघ जरा. भोग आहेत, भोगूनच संपतात. यातलं एकही वाक्य वाईट हेतूने येत नाही, पण बोलणाऱ्याचं तोंड प्रत्येक वाक्याने बंद होतं. शिवाय ऐकणाऱ्या चुलत्याचा बांधावरून वाद असतो, जावेला वाटणीची चिंता असते, आणि ऐकलेलं सांजेपर्यंत वेशीपाशी पोचतं. फोनवरच्या अनोळखी माणसाला यातलं काहीच नको असतं. गीता ज्याला असंग, म्हणजे आसक्ती नसणं, म्हणते, त्याची सरकारी का होईना, एक आवृत्ती इथे सापडते. असंग म्हणजे कोरडेपणा, असं गीतेनेही कुठे म्हटलेलं नाही.

यावरचा आक्षेप मात्र खरा आहे. पाऊस पडला नाही, सावकार दारात उभा आहे, यावर समुपदेशन काय करणार? दुष्काळाला मनाचा आजार ठरवणं हा अन्यायच. 2015 पासून मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत राबवलेल्या राज्याच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशाताई शेतकऱ्यांच्या घरी जाऊन विचारपूस करतात. त्यांना हा प्रश्न उंबऱ्यावरच भेटतो.

अनोळखी श्रोत्याचं समर्थनही एका जागी अडतं. दसऱ्याच्या सुमाराला बीडमधून लाखांनी मजूर ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचलही जोडीच्या नावावर. 14416 कर्नाटकातल्या फडावरूनही लागतो, मराठीही निवडता येते. पण शेजारच्या कोपीतलं बोलणं या कोपीत ऐकू येतं, आणि जोडीत फोन एकच असला तर तो बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो. जोडीतल्या बाईला बोलायचं असेल, तर गावी परतल्यावर आशाताईशी, किंवा अंबाजोगाईच्या ‘मानवलोक’मधून शैला लोहियांनी उभ्या केलेल्या ‘मनस्विनी’सारख्या प्रकल्पातल्या एखाद्या कार्यकर्तीशी. आणि ही ऐकणारी त्या बाईची सासर-माहेरची सगळी माणसं ओळखून असण्याचीच शक्यता जास्त.