दया करावी, पण हर्षाने

आजचा शास्त्रभाग : रोमकरांस पत्र 12:6-15



या भागात प्रेषित पौल सात कृपादाने सांगतो आणि सर्वांत शेवटी दयेचे नाव घेतो. दया करणाऱ्याने ती हर्षाने करावी, एवढंच तो म्हणतो. भरपूर करा किंवा गुपचूप करा असं तो म्हणू शकला असता. मग हर्षच का? मूळ ग्रीक शब्द 'हिलारोतेस' नव्या करारात फक्त याच ठिकाणी आला आहे. त्याचा अर्थ आनंदी, प्रसन्न वृत्ती.

याचं उत्तर मला दया घेताना मिळालं. काही वर्षांपूर्वी पाय मोडून मी दीड महिना अंथरुणावर होते. मंडळीतल्या दोघी बहिणी आळीपाळीने डबा आणायच्या. एकीच्या डब्यात काहीच उणं नसे, पण डबा ठेवताना ती आपली धावपळ सांगायची. ती गेल्यावर घास घशाखाली उतरत नसे. दुसरी साधी आमटी-भाकरी आणायची, पण पाच मिनिटं टेकायची, हसायची, "ताई, तुमच्याकडे आलं की मलाच बरं वाटतं," म्हणायची. भूक दोघींनी भागवली. पण पहिलीच्या डब्यातून माझ्यावर उपकाराचं ओझं यायचं. दुसरी आली की वाटायचं, मी कोणाला जड झालेली नाही.

म्हणूनच हर्ष हा दयेवरचा साज नाही. तो नसेल तर आपली दया समोरच्याला कर्जदार करून सोडते.

पण कोणी विचारेल, आतून आनंद नसताना हसरा चेहरा ठेवणं हे ढोंग नाही का? प्रश्न खरा आहे. रात्र-रात्र आजाऱ्याची सेवा करणाऱ्या सुनेला किंवा मुलाला "हर्षाने कर" म्हणणं सोपं नाही. पौलालाही हे ठाऊक असावं. पुढच्याच वचनात तो म्हणतो, प्रीतीत ढोंग नको. आणि पंधराव्या वचनात रडणाऱ्यांबरोबर रडायला सांगतो. म्हणजे हा हर्ष हसण्याचा मुखवटा नाही. डोळ्यांत पाणी असतानाही तो असू शकतो. "तुझ्याजवळ असणं मला नकोसं नाही," हे समोरच्याला कळलं, की तो पोहोचला.

मग तो आणायचा कुठून? लूक 15 मधला मेंढपाळ आठवा. हरवलेलं मेंढरू सापडल्यावर तो त्याला खांद्यावर घेतो, तेही आनंदाने. मेंढराचं वजन काही कमी झालेलं नसतं. आणि मीखा 7:18 मध्ये संदेष्टा सांगतो, की दया करण्यात देवालाच संतोष वाटतो. प्रियांनो, त्या खांद्यावरचं मेंढरू आपण आहोत! देवाने आपल्याला नाइलाजाने क्षमा केलेली नाही. हे मनात उतरलं, की आपण वर उभं राहून खाली देत नाही, जे मिळालं तेच पुढे देतो.

पंडिता रमाबाईंचं जीवन पाहा. तरुणपणी दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, त्यांनी स्वतः उपासमार सोसली. पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी अनाथ मुली आणि विधवांना आणलं, केडगावला आसरा दिला. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही.

थकवा असेल तर तो प्रभूला सांगा, मदतही मागा. त्यात कमीपणा नाही. पण आनंद येईपर्यंत डबा अडवून ठेवू नका. आज ज्याच्या दारी जाल, तिथे बेल वाजवण्याआधी क्षणभर थांबा आणि आपल्याला उचलून घेणाऱ्या त्या मेंढपाळाला आठवा.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, तू आम्हाला आनंदाने जवळ घेतलंस. आमच्या हातांबरोबर आमचे चेहरेही तुझ्या दयेची साक्ष देवोत. जे सेवा करून थकले आहेत, त्यांना आज विसावा दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.