केबल

अवसरी बुद्रुकला सासर असलेल्या एक नटी मुंबईची रंगभूमी सोडून गावी राहायला आल्या आणि संध्याकाळी मुलांचं नाटक बसवू लागल्या. शाळेतली पोरं आलीच, पण शाळा सोडून मंचरच्या स्टँडवर दिवस काढणारीही आली.

त्यांतल्या एकाबद्दल गावात कुजबुज होती. विहिरीवरच्या मोटारीची केबल रात्रीत कापायची, जाळून तांबं काढायचं आणि भंगारात घालायचं. तांब्याचे पैसे ते किती! पण रात्रीची लाइट आलेली, बटाटा पाण्याला आलेला आणि मोटार मुकी, हे नुकसान कुठल्या भावात मोजायचं?

चारदोन जाणती माणसं बाईंकडे आली. "त्याला तेवढा घेऊ नका."

"म्हणजे इथंही कोर्ट भरवायचं?" बाई म्हणाल्या. "माझ्या गुरू त्या कोर्टात आरोपी होत्या."

माणसं गोंधळली. मग बाईंनी सांगितलं. सुलभा देशपांडे. दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका. १९६७ साली तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात त्यांनी बेणारेबाई केल्या. त्याही शिक्षिकाच, खेळातला खटला म्हणून चारचौघांनी आरोपी केलेल्या आणि खेळता खेळता खऱ्याच फाडून खाल्लेल्या. १९७१मध्ये सुलभाताईंनी अरविंद देशपांडे आणि अरुण काकडे यांच्यासोबत 'आविष्कार' ही नाट्यसंस्था उभी केली. मुलांसाठी 'चंद्रशाला' काढली. नाव झालेली नटी पोरांच्या तालमी घेत बसली. बाई त्याच तालमींत वाढलेल्या.

पोरांनी नाटकाला विषय निवडला केबलचोरीचा. चोर व्हायला सगळेच तयार. बाईंनी त्या पोराला शेतकरी दिला.

त्यानं छाती पिटली, आईबहिणीवरून शिव्या घातल्या. "हे सिनेमातलं झालं," बाई म्हणाल्या. "ज्याची केबल गेलीय, त्याला विचारून ये."

दोन दिवस तो तालमीलाच फिरकला नाही. जायचं कोणाकडे, हे त्याच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक असणार! तिसऱ्या दिवशी आला आणि जागेवर उभा राहूनच म्हणाला, "बाई, आबा शिव्या देत नाही. तो आधी शेजारच्याच्या बांधावर जातो. आज रात्रीपुरतं पाणी दे म्हणतो. आणि शेजारी नाही म्हणला, तर परत येऊन घरात सांगतो, लाइटच नव्हती."

"खोटं का सांगतो?"

"म्हातारी रडती म्हणून."

बाईंनी लिहिलेला प्रवेश फाडला आणि त्यानं सांगितला तसा बसवला.

प्रयोगाला आबा पहिल्याच रांगेत. चोरांच्या गमतीला गाव खदखदून हसलं. मग पोरगा अंधारात मोटारीकडे गेला, उजवीकडे हात घालून स्टार्टर चाचपू लागला.

"आरं, डाव्या अंगाला हाय स्टार्टर!" आबा खालून ओरडले. "तुला तर माहीत पाहिजे!"

हशा झाला आणि एकदम थांबला. पोरगा वळला. "चुकलं, आबा," म्हणाला, आणि डावीकडे गेला.

हे वाक्य संहितेत नव्हतं. पुढच्या प्रयोगासाठी बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.