शून्य वस्तीचं गाव

फ्रान्समधल्या लहान खेड्याची कचेरी आठवड्यातून एक-दोनदाच उघडते. एखादी खोली, भिंतीवर राष्ट्राध्यक्षांची तसबीर, कोपऱ्यात प्रजासत्ताकाचं प्रतीक असलेल्या मारियानचा अर्धपुतळा आणि टेबलामागे सचिवबाई. उरलेले दिवस त्या बहुधा शेजारच्या गावाची कचेरी सांभाळतात. मेयर कधी शेतकरी असतो, कधी निवृत्त शिक्षक. रस्त्यातल्या खड्ड्याची तक्रार त्याच्याकडे, मोकाट कुत्र्याची त्याच्याकडे, जन्ममृत्यूची नोंदही त्याच्याकडेच. लग्न लावायचं असलं की तो तिरंगी पट्टा अंगावर चढवतो आणि वधूवरांना दिवाणी कायद्याची कलमं वाचून दाखवतो. तेवढा वेळ कचेरीचं दार उघडं ठेवावं लागतं. कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्याला आत येता आलं पाहिजे! पट्टा तूलूजच्या मेयरचा आणि साठ वस्तीच्या खेड्यातल्या मेयरचा सारखाच.

क्रांतीच्या वर्षी, डिसेंबर १७८९ मध्ये, ही कम्यूनची, म्हणजे स्वतःचा मेयर असलेल्या गावाची किंवा शहराची, व्यवस्था कायद्याने आली. आज कम्यून सुमारे ३५ हजार आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक गावांत पाचशेही माणसं नाहीत. हिशेबी माणसाला हे खटकणारच. १९७१ मध्ये विलीनीकरणासाठी कायदा झाला, पण गावं फारशी बधली नाहीत. पुढे सवलतींची लालूच दाखवल्यावर काही एकत्र आली. बाकीची आपलं नाव सोडायला तयार नाहीत. या हट्टाचं मला थोडं हसू येतं, पण कौतुक त्याहून अधिक वाटतं.

याच हट्टाचं एक टोक व्हर्दनजवळ आहे. तिथे मात्र हसू येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या १९१६ च्या लढाईत तोफांनी नऊ गावं भुईसपाट केली. जमिनीत न फुटलेले गोळे आणि न सापडलेले सैनिक इतके होते, की सहा गावं पुन्हा वसवलीच नाहीत. त्यांतलं एक फ्लरी. चारशेवर वस्तीचं हे गाव लढाईत पुन्हा पुन्हा हातचं गेलं, पुन्हा पुन्हा घेतलं गेलं. आज झाडीत खड्डेच खड्डे आहेत, आणि इथे बेकरी होती, इथे शाळा होती, असं सांगणाऱ्या खुणा. २०१३ मध्ये तिथल्या मातीत २६ फ्रेंच सैनिकांचे अवशेष सापडले.

या सहाही गावांना अजून मेयर आहेत. मतदारच नसल्याने त्यांची नेमणूक प्रीफेक्ट, म्हणजे सरकारी जिल्हाधिकारी, करतो; सोबत दोन सदस्य. स्मारकाची देखभाल, वाटा मोकळ्या ठेवणं, वर्षातून एकदा गावाच्या नावाने लोक जमवणं, हा कारभार. नोंदवहीत नवा जन्म नाही, तरी गावाच्या वतीने बोलायला माणूस हवा, असं तिथल्या सरकारला १९१९ मध्येच वाटलं. आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांसाठी असा माणूस कुणी नेमल्याचं मी ऐकलेलं नाही.

दुओमों आणि वो ही त्याच नऊंतली, पण पुढे थोडीफार वसलेली दोन गावं. ती २०१९ मध्ये एकमेकांत विलीन झाली. माणूस नसलेली सहा मात्र अजून वेगवेगळीच आहेत.