दहा रुपये दंड

वसतिगृहात राहिलेला माणूस म्हातारा झाला तरी ओळखू येतो. पंगतीत बसला, की पोळ्यांचा डबा कोणत्या टोकाला आहे हे तो आधी पाहतो. साबण न्हाणीघरात ठेवून कधी येत नाही. आणि कोणाही थोर माणसाचं नाव निघालं, की ताडकन म्हणतो, "तो? आमच्याच हॉस्टेलचा!" पहिल्या दोन सवयी अनुभवातून आलेल्या आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. तिसरी कशातून येते, हे मात्र कोडं आहे.

मीही तसं म्हणतो, आणि म्हणत राहणार. माझ्या आधी माझ्या खोलीत राहून गेलेले एक गृहस्थ पुढे न्यायाधीश झाले. त्यांनी मागे ठेवलेला वारसा म्हणजे तीन पायांची कॉट आणि भिंतीवर खिळ्याने कोरलेला मेसच्या बाकीचा हिशेब. चौथ्या पायाच्या जागी मी विटा रचल्या. एवढ्या भांडवलावर आजतागायत मी त्यांना 'आमचे न्यायमूर्ती' म्हणतो. त्यांच्या कीर्तीत विटांचा काही वाटा असलाच, तर तो उलट्या दिशेने आहे.

पण मी निदान त्यांना खोलीतून हाकललं तरी नव्हतं. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचं एक नंबरचं वसतिगृह घ्या. तिथली १७ नंबरची खोली सावरकरांची. ती आज स्मारक म्हणून जपली आहे. २८ मेला, जयंतीच्या दिवशी, लोक दर्शनाला येतात. १९०५ साली मात्र याच मुलाने पुण्यात विदेशी कापडाची होळी केली, म्हणून कॉलेजने त्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून बाहेर काढलं. प्राचार्य होते रँग्लर परांजपे, केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले पहिले भारतीय. म्हणजे आकडा चुकण्याचा संभव नाही. सावरकरांच्या राजकारणाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो. इथे मामला फक्त खोलीचा आहे. ज्या खोलीतून मुलाचं बोचकं बाहेर गेलं, तिच्याच दाराला आता हार!

हा प्रकार खास पुणेरी असावा, असं वाटत असेल तर ऑक्सफर्डला चला. तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शेली नावाचा एक मुलगा होता. त्याने १८११ साली नास्तिकतेची आवश्यकता सांगणारी एक पुस्तिका छापली आणि ती बिशपांना नि कॉलेजच्या प्रमुखांना पाठवून दिली. (पोरांना शत्रू शोधावे लागत नाहीत, ते टपालाने मागवतात.) "ही तुझी का?" या प्रश्नाला उत्तर द्यायला त्याने नकार दिला. झालं, कॉलेजातून बडतर्फ! १८२२ साली तो इटलीच्या समुद्रात बुडाला. १८९३ पासून त्याच कॉलेजात त्याचा पांढराशुभ्र संगमरवरी पुतळा आडवा पडलेला आहे, बुडालेल्या शेलीचा. तो खरं तर रोमच्या दफनभूमीसाठी घडवला होता. तिथे मावेना म्हणून कॉलेजकडे आला. जिवंतपणी जो मुलगा मावला नाही, तो दगडाचा होऊन मावला.

इथे सगळे रेक्टर नावाच्या माणसाला शिव्या देऊन मोकळे होतात. मला ते पटत नाही. रेक्टरच्या खुर्चीत बसून पाहा. शंभर मुलं नियम मोडतात. त्यांतली नव्व्याण्णव रात्री दोनला ट्रान्झिस्टर लावणारी, पाहुण्याला कॉटखाली झोपवून त्याला 'पॅरासाइट' म्हणणारी, गादीला भोक पाडणारी. शंभरावा शेली. त्याच्या कपाळावर तसं लिहिलेलं नसतं. उलट नव्व्याण्णवांपेक्षा तोच जास्त उद्धट दिसतो. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने १९७६ साली या त्रांगड्याला 'नैतिक नशीब' असं नाव दिलं. केलेली गोष्ट बरोबर की चूक हे पुष्कळदा पुढे काय झालं त्यावर ठरतं, आणि पुढचं कोणाच्याच हातात नसतं. शेली पुढे कवी न होता नुसता कर्जबाजारी झाला असता, तर ऑक्सफर्डचे ते मास्तर आज द्रष्टे ठरले असते.

तेव्हा दंड केला याबद्दल माझा राग नाही. राग आहे तो पावती फाडून टाकण्याबद्दल. फलकावर 'येथे अमुक राहत होते' एवढंच का लिहायचं? 'आणि आम्ही त्यांना येथून काढले, दंड रुपये १०' हेही लिहा की! त्यात कॉलेजची अब्रू जाते असं मला वाटत नाही. मुलाने जे केलं त्याला काही किंमत पडली होती, हे त्या दहा रुपयांवरूनच समजतं. दंड पुसला, की ती होळी गॅदरिंगच्या कार्यक्रमासारखी वाटू लागते. एका अर्थी त्या कर्तृत्वात वसतिगृहाचा खराखुरा वाटा दंडापुरताच आहे, आणि नेमका तोच लपवून खोली मिरवतात!

शिवाय फलकावर दुसरा मुलगा कधी येत नाही. शेलीबरोबर हॉग नावाचा त्याचा मित्रही बडतर्फ झाला. हॉगने स्वतःच पुढे लिहिलं आहे, की शेलीला काढल्याचं कळताच त्याने निषेधाची चिठ्ठी आत पाठवली. त्याला बोलावून तोच प्रश्न विचारला, त्यानेही उत्तर दिलं नाही, आणि तोही बाहेर. पुढे तो वकील झाला, म्हातारपणी त्याने मित्राचं चरित्र लिहिलं. संगमरवर त्याच्या वाट्याला आला नाही.

असे हॉग प्रत्येक मजल्यावर एकदोन तरी असतात. आमच्या शेजारच्या खोलीत विजेची शेगडी सापडली, त्या खोलीतल्या मुलाची दुसऱ्या दिवशी शेवटची परीक्षा होती. माझा पार्टनर पुढे झाला आणि म्हणाला, "सर, माझी आहे ती. मीच ठेवली इथे." पंधरा रुपये दंड भरला, तोही माझ्याकडून पाच उसने घेऊन. शेजारचा पास झाला. पार्टनर हल्ली नाशिकला असतो, गुडघे दुखतात म्हणतो. परवा फोनवर त्याला ही गोष्ट आठवून दिली, तर त्याने एवढंच विचारलं, "ती शेगडी मग परत मिळाली का रे?"