सावलीचा रंग

निसर्गचित्रात चित्रकाराने पदरचे रंग घालावेत काय, हा प्रश्न मी एकदा फार घाईने निकालात काढला होता. मुख्याध्यापक होण्यापूर्वीची गोष्ट. चित्रकलेचे शिक्षक रजेवर, म्हणून तास माझ्याकडे आला. सातवीतल्या एका मुलाने शाळेमागचा कडुलिंब काढला होता. खोड तांबूस, पानांत पिवळ्याचे फटकारे आणि खाली पडलेली सावली चक्क जांभळी! "सावली काळी असते," असे म्हणून मी तांबडी रेघ ओढली. "सर, मला तशी दिसली," एवढेच तो म्हणाला.

आपण ज्याला कडुलिंब म्हणतो त्याला शेजारचे बेवू म्हणतात. झाड एकच, हे आपल्याकडच्या मुलांना बोलायला लागतानाच कळते. पण एकच झाड दोन डोळ्यांना दोन रंगांचे दिसू शकते, हे मला एम. ए. होऊनही उमगले नव्हते.

पुढे वाचनात आले, की मुलाची बाजू विज्ञानही घेते. उघड्यावरच्या सावलीत सूर्याचे थेट ऊन अडते, आकाशाचा निळा उजेड मात्र उतरतच असतो. त्यात आमची बीदरची माती जांभ्याची, तांबडीलाल. तिच्यावर निळा उजेड पडला तर जांभळी छटा का दिसू नये? जर्मन महाकवी गटे याने १८१० सालच्या आपल्या ग्रंथात रंगीत सावल्यांचा विचार केलेला आहे. व्हॅन गॉगने १८८९ साली सँ-रेमी येथे मनोरुग्णालयात असताना ऑलिव्हची झाडे पुन्हा पुन्हा रंगविली. त्यांची खोडे पिळवटलेली, जमीन लाटांसारखी उसळलेली. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात तसे झाड सापडणार नाही. आणि इतके दूर तरी कशाला जावे? जे. जे. मध्ये शिकलेले आपले आबालाल रहिमान (निधन १९३१) कोल्हापूरच्या कोटितीर्थाच्या परिसरात रमले ते तिथल्या पाण्या-झाडांवरच्या उजेडासाठीच.

मग चित्रकाराला सगळेच माफ काय? मला तसे वाटत नाही. केवळ वेगळे दिसावे म्हणून झाडावर जांभळा ओतणारा खोटेच बोलतो, आणि दिवाळीच्या भेटकार्डांवर असली खोटी झाडे पुष्कळ भेटतात. पाहून रंगविलेला जांभळा आणि न पाहता रंगविलेला जांभळा कागदावर सारखाच दिसेल. फरक ओळखायचा तर त्या झाडाखाली, त्याच वेळी जाऊन उभे राहावे लागते. वर्गाच्या खिडकीतून तो कडुलिंब दिसत होता. मी खिडकीपर्यंतही गेलो नाही.

पुढच्या आठवड्यात त्या मुलाने तेच चित्र नव्याने काढून आणले. सावली काळी होती. मी त्याला दहापैकी आठ गुण दिले.