रंगभूषेचा हक्क

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत रंगभूषा आणि केशभूषा या दोन कामांमध्ये अनेक दशके एक विचित्र वाटणी होती. केस विंचरायचे ते स्त्रियांनी, चेहरा रंगवायचा तो पुरुषांनी. गल्लोगल्ली ब्यूटी पार्लर चालवून घर सांभाळणाऱ्या, नवरीला सजवणाऱ्या स्त्रियांना सेटवर मात्र ब्रश धरायची मुभा नव्हती. रंगभूषाकारांच्या संघटनेचे कार्ड नसेल तर काम मिळणे मुश्कील, आणि स्त्रियांना कार्ड मिळे ते केशभूषाकार म्हणूनच. स्त्रिया आल्या तर पुरुषांची रोजीरोटी जाईल, हे त्यामागचे कारण. म्हणजे स्त्रियांच्या कौशल्याबद्दल शंका नव्हतीच!

कॅलिफोर्नियात रंगभूषेचे शिक्षण घेतलेल्या चारू खुराणा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्त्रियांना रंगभूषाकाराचे कार्ड नाकारणाऱ्या या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. 10 नोव्हेंबर 2014 रोजी न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या खंडपीठाने ती रद्द ठरवली. समानतेचा, व्यवसायाचा आणि उपजीविकेचा घटनादत्त हक्क संघटनेच्या उपविधीने हिरावता येत नाही, असा निकालाचा गाभा होता. सदस्यत्वासाठी महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अटही त्याच निकालात गेली. त्यानंतर रंगभूषाकार म्हणून नोंदणीचा मार्ग स्त्रियांना खुला झाला.