पंखांखाली

झाशीच्या मे महिन्यात पत्नी तापाने अंथरुणास खिळली आणि त्याच आठवड्यात परसातील कोंबडी खुडूक बसली. अंड्यांवरून ती उठेना, म्हणून रोज तिला उचलून दाणापाणी दाखवावे लागते. माझेही जेवण मुलगी असेच आठवून देते. उबवणीचे २१ दिवस कोणास घटवता येत नाहीत.

अनुवाद ३२:११ मध्ये देवाला पिलांवर पंख पसरणाऱ्या गरुडाची उपमा आहे. यरुशलेमेसाठी शोक करताना प्रभूने मात्र कोंबडी निवडली (मत्तय २३:३७). भाषांतर करताना मला ती उपमा दुबळी वाटे. गरुडाजवळ नख्या आहेत. हिच्याजवळ केवळ पंख, आणि न उठण्याचा हट्ट.

आज सतरावा दिवस. ताप उतरलेला नाही. मी उशाशी बसलो आहे. आपणही प्रार्थना करावी.